आर्नोकाठची छत्री

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कुठलाही कागद हातात आला की ठळक अक्षरांतला मजकूर सोडून तो आधी बारीक अक्षरांतला वाचतो. जानेफळच्या घरी ओसरीवर बसून मी प्रवास विम्याचे कागद असेच वाचत होतो. शेजारी सौ. तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. इटलीला जायचे तर शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचे विमा संरक्षण लागते. आजारपण, इस्पितळ वगैरे ठीकच. पण पुढे एक कलम होते. प्रवासात मृत्यू ओढवल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च. मी ते मनातल्या मनात वाचले आणि पान उलटले. चाळीस वर्षांच्या संसारात माझे पान उलटणे तिला पाठ झाले आहे. काय होते त्या पानावर, असे तिने शेंगांवरून नजर न काढता विचारले.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात एक स्टेंट बसला. तेव्हापासून आमच्या घरात काही गोष्टी बोलायच्या नाहीत, असा अलिखित ठराव आहे. हे कलम नेमके त्या ठरावात बसणारे होते. मी सांगून टाकले. तिने शेंगांचे टोपले बाजूला सरकवले आणि विचारले की पूर्वी लोक काय करत असतील? विमा नव्हता, विमान नव्हते, तेव्हा परमुलखात माणूस गेला तर?

मग मी तिला एका वीस वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो आहे.

आधी या सहलीविषयी. पुण्याहून चिरंजीवांनी आमच्यासाठी जो आराखडा पाठवला होता, त्यात बारा दिवसांत नऊ गावे होती. रोज सकाळी पेटी भरायची, स्टेशन गाठायचे, संध्याकाळी नव्या गावात पेटी उघडायची. हिशेबाला तो चोख होता. माझ्या हाताखाली तो कारकून असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. पण मी त्याला कळवले की आम्ही ऑडिटला निघालेलो नाही. आम्हाला तीनच ठिकाणे हवीत. फ्लॉरेन्स, मग तस्कनीच्या टेकड्यांतले एखादे खेडे आणि शेवटी समुद्र. तिकडे शेतकऱ्यांच्या घरी उतरायची सोय असते, तिला अ‍ॅग्रीतुरिस्मो म्हणतात. १९८५ साली इटलीने त्यासाठी कायदाच केला. द्राक्षांचा मळा, ऑलिव्हची झाडे, सकाळी ओट्यावर बसायचे आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसे बघायची. जन्मभर आपल्या वावरात राबणारी माणसे पाहिल्यावर हे सुख काय असते ते आम्हाला कळते. तस्कनीचे लोक घेवड्याच्या जातीचे कडधान्य इतके खातात की बाकीचे इटालियन त्यांना त्यावरून चिडवतात, हे वाचल्यावर सौ.ची जेवणाची काळजी निम्मी मिटली. त्यांचा पाव बिनमिठाचा असतो, हे कळल्यावर उरलेली निम्मी परत आली. मग तिने ठेच्याची बरणी यादीत घातली. तुपाची बरणी मात्र मला काढायला लावावी लागली. दुधाचे पदार्थ बाहेरून नेलेले तिकडच्या जकातीत चालत नाहीत.

पण फ्लॉरेन्स का, हा प्रश्न मुलाने विचारलाच. चित्रे, घुमट, पुतळे हे सगळे आहेच. माझे कारण वेगळे होते आणि ते कोल्हापुरात होते.

नव्वदच्या दशकात माझी बदली कोल्हापूरला झाली. वऱ्हाडातून गेलेल्या माणसाला तिथले पाणी, ऊस आणि तांबडा रस्सा या तिन्ही गोष्टी पचायला वेळ लागतो. संध्याकाळी मी टाऊन हॉलच्या बागेत जाऊन बसे. त्या टोकदार मनोऱ्यांच्या काळ्या दगडी इमारतीने मला पहिल्या दिवसापासून धरून ठेवले. चौकशी केली तेव्हा कळले की ती मेजर चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनिअरने बांधली. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याचाच आणि बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याचाच. बँकेतले एक वयस्क सहकारी एकदा सहज म्हणाले की याच मँटचे आणखी एक काम कोल्हापूरचेच आहे, पण ते पाहायला इटलीला जावे लागते. मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर एक छत्री उभी आहे. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या दहनाच्या जागी उभारतात तशीच. तिच्यात एका तरुण मराठा राजाचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. डोईला पागोटे, गळ्यात दागिने. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. ताराराणींच्या पतीचे, म्हणजे शिवरायांच्या धाकट्या पुत्राचे नाव दत्तकविधानात मिळालेले.

राजाराम महाराजांचा जन्म १३ एप्रिल १८५० चा. जन्मनाव नागोजीराव, घराणे पाटणकरांचे. करवीर नगर वाचन मंदिर हे कोल्हापूरचे ग्रंथालय नेमके त्याच वर्षी सुरू झाले. तिथल्या बाकावर बसून मी पुष्कळ वाचले, म्हणून ही जोडी माझ्या लक्षात राहिली आहे. त्या वेळच्या महाराजांना, म्हणजे बाबासाहेब महाराज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिवाजी महाराजांना, मुलगा नव्हता. १८५७ नंतरची ती वर्षे. संस्थानाला वारस नसला तर काय होते, हे सातारा, नागपूर आणि झाशी यांच्यावरून सगळ्यांनी पाहिले होते. पण बंडानंतर इंग्रजांचे धोरण बदलले आणि १८६२ च्या करारात कोल्हापूरला दत्तकाचा हक्क मिळाला. ४ ऑगस्ट १८६६ रोजी बाबासाहेब महाराज गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या बहिणीच्या मुलाला मांडीवर घेतले. सोळा वर्षांचा नागोजी एका दिवसात राजाराम छत्रपती झाला.

सोळा वर्षांच्या पोरावर अशी गादी येऊन पडली म्हणजे काय होत असेल, याचा मी कादंबरीकार म्हणून पुष्कळ विचार केला आहे. घरात नुकतीच एक जखम होऊन गेली होती. बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब हे १८५७ च्या उठावातले. इंग्रजांनी त्यांना कोल्हापुरातून उचलून कराचीला नेऊन ठेवले होते. ते तिथेच १८६९ साली वारले. पुन्हा पंचगंगा त्यांच्या दृष्टीला पडली नाही. म्हणजे ज्या वर्षी तरुण राजाराम महाराज विलायतेचा विचार करत असतील, त्याच सुमाराला त्यांच्या घरातले एक माणूस परमुलखात कैदेत डोळे मिटत होते. इंग्रज सरकारचा हात घराण्याने दोन्ही बाजूंनी पाहिला होता, मारणाराही आणि पाठीवर ठेवलेलाही.

महाराजांना इंग्रजी शिकवले गेले आणि ते मनापासून शिकले. राजाला इंग्रजी यावे असे इंग्रजांना वाटत होते, ते त्यांच्या सोयीसाठी. पण शिकणारा स्वतःच्या सोयीनेही शिकतो. कोल्हापुरात पुढे ज्या राजाराम हायस्कुलातून आणि कॉलेजातून दक्षिण महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या शिकून बाहेर पडल्या, त्यांना या राजाचे नाव आहे. अवघी चार वर्षे राज्य केलेल्या, तीही बहुतेक पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीत काढलेल्या राजाच्या नावावर एवढे जमा असणे थोडे नव्हे.

१८७० च्या उन्हाळ्यात महाराज मुंबईहून बोटीने निघाले. समुद्र ओलांडणे हे तेव्हा साधे प्रकरण नव्हते. जात जाते, प्रायश्चित्त घ्यावे लागते, ही भीती रंकालाच होती असे नाही, रावालाही होती; किंबहुना रावाला जास्त, कारण त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे. हिंदू राजांपैकी विलायतेला जाणाऱ्या अगदी पहिल्यांत त्यांची गणना होते. सोबत कोल्हापूरची मोजकी माणसे आणि सरकारतर्फे कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा अधिकारी. सुएझचा कालवा खुला होऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

जूनमध्ये ते लंडनला पोहोचले आणि एका कष्टाच्या कामाला लागले. मी कष्टाचे म्हणतो आहे ते मुद्दाम. महाराजांनी तिथे रोजनिशी लिहिली, इंग्रजीत, स्वतःच्या हाताने. वेस्टने ती १८७२ साली लंडनला छापली. एका मित्राने तिची प्रत काढून मला दिली होती, तेव्हा मी ती दोन रात्रीत वाचली. आपण एखाद्या राजाच्या रोजनिशीत ऐषाराम शोधायला जातो. इथे सापडते ती शाळकरी मुलाच्या सहलीच्या वहीसारखी नोंद. आज हे पाहिले, आज यांना भेटलो, उद्या तिकडे जायचे. राणी व्हिक्टोरियाची भेट, पार्लमेंट, संग्रहालये, मेजवान्या, नाच, मग स्कॉटलंडचा दौरा. वाक्ये छोटी, सरळ, तक्रार नसलेली. परक्या भाषेत लिहिणारा माणूस तक्रार करत नाही. तक्रारीला आपलीच भाषा लागते. थकलो, घरची आठवण येते, हे पाऊस भारी आहेत, असे त्यांनी मराठीत कुणापाशी तरी म्हटले असेलच. ते वहीत उतरलेले नाही. मला त्या वहीत सर्वांत जास्त ऐकू येते ते हेच, न लिहिलेले मराठी.

आमच्या चिरंजीवांचा बारा दिवस नऊ गावांचा आराखडा आला, तेव्हा मला ही वही आठवली. वीस वर्षांच्या पोराने रोज नवी खोली, नवे लोक, नवा पोशाख, नवी बोलायची रीत सोसली आणि वर प्रत्येक दिवसाचा हिशेब लिहिला. विश्रांती अशी या प्रवासात असलीच तर ती परतीच्या वाटेवर, युरोपच्या मुख्य भूमीवर आणि इटलीत असणार होती. तिथे राणी नव्हती, पार्लमेंट नव्हते, आणि आपण कोणाचे मांडलिक आहोत हे सतत आठवण करून देणारेही कमी असणार होते. पाहुणा म्हणून हिंडायचे, चित्रे पाहायची, ऊन खायचे आणि घर जवळ येत आहे या समाधानात बोट गाठायची.

पण ते वर्ष वाईट होते. जुलैत फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. फ्रान्समधून सरळ दक्षिणेला उतरण्याचा रस्ता बंद झाला होता. नोव्हेंबरात महाराजांची मंडळी बेल्जियम, जर्मनी असा वळसा घेत आल्प्सच्या बाजूने इटलीकडे निघाली. हिवाळ्याच्या तोंडावर, त्या काळच्या आगगाड्यांतून, डोंगरातल्या थंडीत. कोल्हापूरच्या माणसाला थंडी म्हणजे सकाळी शेकोटी आणि दहाच्या सुमाराला ऊन. वाटेत महाराजांची तब्येत बिघडली आणि बिघडलेल्या तब्येतीनेच ते फ्लॉरेन्सला पोहोचले. घाई कुणाची होती, थांबायला हवे होते का, याचा निवाडा दीडशे वर्षांनंतर जानेफळच्या ओसरीवरून करणे योग्य नाही, हे मला कळते. तरीही मला वाटते की कुणीतरी थांबवायला हवे होते. राजाला थांब म्हणणारे त्याचे आईबाप असतात किंवा बायको असते, आणि ती सगळी समुद्रापलीकडे होती. सोबतची माणसे त्यांना महाराज म्हणत होती. त्यातल्या कुणाला त्यांना बाळा म्हणता येत नव्हते.

आर्नोच्या काठावरच्या एका हॉटेलात, ३० नोव्हेंबर १८७० रोजी राजाराम महाराज वारले. एकविसावे वर्ष पुरे व्हायला साडेचार महिने बाकी होते. चित्रे पाहायची राहिली. समुद्रही राहिला.

आता सौ.च्या प्रश्नाचे उत्तर. मागे राहिलेल्या त्या मूठभर कोल्हापूरकरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. भाषा येत नाही. गावात आपल्या धर्माचे दुसरे कोणी नाही. राजा गेला आहे आणि त्याला अग्नी द्यायचा आहे. त्या काळी इटलीत प्रेत जाळणे ही गोष्टच नव्हती. माणूस गेला की पुरायचा, एवढेच ठाऊक. देह कोल्हापूरला नेणे अशक्य, पुरणे मनाला न पटणारे.

इथे एक योगायोग त्यांच्या मदतीला आला असे मी मानतो. फ्लॉरेन्स हे तेव्हा केवळ जुन्या चित्रांचे गाव नव्हते, ते इटलीची राजधानी होते. १८६५ पासून १८७१ पर्यंत सहाच वर्षे ते राजधानी होते आणि महाराज गेले ते त्या सहा वर्षांच्या अखेरीला. त्याच सप्टेंबरात रोम इटलीच्या हाती आले होते, राजधानी हलवायची तयारी चालू होती. पण मंत्री, कचेऱ्या आणि इंग्रज वकिलात अजून गावातच होती. ज्या परवानगीला दुसऱ्या एखाद्या गावात पत्रापत्री करत आठवडे लागले असते, ती एका दिवसात मिळाली. आयुष्यभर सही आणि शिक्क्यांच्या मागे फिरलेल्या मला या एका दिवसाचे मोल कळते. कुठला तरी कारकून त्या संध्याकाळी उशिरापर्यंत थांबला असेल. त्याने नमुना नसलेल्या अर्जावर काय लिहावे असा विचार केला असेल आणि शेवटी लिहिले असेल.

परवानगी मिळाली ती गावाबाहेर, कास्चिने नावाच्या मोठ्या उपवनाच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने आर्नोला मिळते तिथली. संगमच हवा, हा आपला आग्रह. कोल्हापूरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. कोल्हापूरची नदीच पाच नद्यांची. प्रयाग चिखलीला जो संगम होतो त्यातून पंचगंगा होते, आणि छत्रपतींच्या घराण्यातल्या लोकांच्या छत्र्या त्याच नदीच्या घाटावर आहेत. आर्नो आणि मुन्योने म्हणजे पंचगंगा नव्हे. पण दोन पाण्यांचे मिळणे होते, आणि तेवढ्यावर त्या माणसांनी समाधान मानले.

मध्यरात्रीनंतर देह हॉटेलातून हलवला. थंडी, काळोख, परके रस्ते. राजाला राजासारखे सजवून नेले. चिता रचली, आणि डिसेंबरच्या पहिल्या पहाटे ती पेटली. बातमी गावात पसरली होती, बघ्यांची गर्दी झाली. फ्लॉरेन्सच्या लोकांनी असे काही पाहिले नव्हते. त्यांना ते अचंब्याचे वाटले असेल, काहींना भीतीदायकही. सोबतच्या माणसांना मात्र त्या रात्री एकच काम होते, चूक होऊ द्यायची नाही. सकाळी रक्षा आर्नोत सोडली आणि काही अस्थी गंगेसाठी वेगळ्या काढून घेतल्या.

मी हे सांगून थांबलो, तेव्हा सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की त्यांच्या आईला कधी कळले असेल? तारायंत्र होते, त्यामुळे बातमी माणसांच्या कितीतरी आधी पोहोचली असणार, एवढे मी म्हणालो. पुढचे आम्ही दोघांनीही बोललो नाही.

महाराजांना मुलगा नव्हता. १८७१ मध्ये पुन्हा दत्तक घेतला गेला, पुन्हा एक लहान मुलगा गादीवर आला आणि त्याची कहाणी याहून करुण झाली. वेडा ठरवून त्या शिवाजी महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले आणि १८८३ च्या डिसेंबरात पहाऱ्यावरच्या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत ते गेले. कराची, फ्लॉरेन्स, अहमदनगर. पंधरा वर्षांच्या आत एका घराण्याच्या तीन माणसांना पंचगंगेचा घाट मिळाला नाही. शाहू महाराजांचे दत्तकविधान १८८४ चे. त्यांच्याविषयी वाचताना आपण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या या तीन मरणांचा हिशेब सहसा करत नाही. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज विलायतेला गेले, तेव्हा वाट काढून ते फ्लॉरेन्सच्या या छत्रीपाशी गेले होते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचे मूळ त्यांनी रोममध्ये पाहिलेल्या जुन्या प्रेक्षागृहात आहे, असे कोल्हापुरात आवडीने सांगतात. मला त्यापेक्षा संगमावरची ती भेट मोठी वाटते.

छत्री १८७४ साली पुरी झाली. आराखडा मँटचा आणि अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराचा. महाराजांच्या जागेला तिथले लोक इंदियानो म्हणजे हिंदी माणूस या नावाने ओळखतात. १९७८ साली शेजारी आर्नोवर तारांनी तोललेला मोठा आधुनिक पूल झाला, त्याचेही नाव इंदियानोवरूनच आहे. त्या पुलावरून रोज हजारो गाड्या जात असतील आणि हा हिंदी माणूस कोण, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल कुणास ठाऊक. आपल्याला तरी कुठे ठाऊक असते?

या गोष्टीला आणखी एक शेपूट आहे आणि ते आमच्या सहलीच्या तिसऱ्या मुक्कामाला जाऊन मिळते. इटलीत कायद्याने मान्य झालेले आधुनिक दहन सुरू झाले ते १८७६ मध्ये, मिलान येथे. दहनाचा तिथला इतिहास सांगणारे लोक त्याआधीची उदाहरणे म्हणून फ्लॉरेन्सच्या महाराजांचे नाव घेतात आणि त्यांच्याही आधी एका कवीचे. इंग्रज कवी शेली १८२२ च्या जुलैत त्या किनाऱ्याजवळ होडी बुडून गेला. देह व्हियारेज्जोजवळ वाळूत सापडला. साथीच्या भीतीने केलेले नियम कडक होते, म्हणून मित्रांनी ऑगस्टमध्ये तिथेच किनाऱ्यावर चिता रचून त्याचे दहन केले. तिशीही न गाठलेला कवी आणि विशीतला राजा, दोघांचे दहन तस्कनीत, एकाचे समुद्राकाठी, दुसऱ्याचे नदीकाठी. आणि ती नदी त्याच समुद्राला जाऊन मिळते. आर्नो फ्लॉरेन्सहून पिसाला जाते आणि पिसाच्या पुढे थोड्याच अंतरावर समुद्रात शिरते.

हे नकाशावर बोट फिरवत पाहिले आणि आमची सहल आपोआप ठरली. फ्लॉरेन्समध्ये चार दिवस. त्यातली एक सकाळ संगमासाठी. ट्रामने कास्चिनेपर्यंत जायचे आणि पुढे उपवनातून चालायचे. उपवन साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री पार त्याच्या टोकाला, तेव्हा माझ्या डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे चालणे त्यातच होईल. मध्ये बाकांवर बसत जाऊ. मग टेकड्यांतल्या शेतावर पाच दिवस, काहीही न पाहता. मग पिसा, तिथला कललेला मनोरा नातवासाठी पाहणे भाग आहे. आणि शेवटी समुद्रकाठी तीन दिवस. चिरंजीवांनी हा आराखडा पाहून फोनवर एवढेच म्हटले की बाबा, हा तर नदीचा रस्ता आहे. रेल्वेने सहज जमतो, हेही त्यानेच मग शोधून कळवले.

राहिले ते विम्याचे कलम. गेल्या आठवड्यात आम्ही समृद्धी महामार्गाने सिंदखेडराजाला एका लग्नाला गेलो होतो. परतताना लखुजी जाधवरावांच्या समाधीपाशी गाडी थांबवली. ती प्रचंड दगडी वास्तू जिजाऊंच्या माहेरची. मी तिला म्हणालो की फ्लॉरेन्सच्या राजाने ज्या घराण्याचे नाव चालवले, त्याची एक मुळी इथे आपल्या जिल्ह्यात आहे. ती समाधीकडे पाहत राहिली आणि मग ठरावाबाहेरचा विषय तिनेच काढला. तिकडे मला काही झाले तर, ती म्हणाली, मला पेटीत घालून आणू नका, मुले घाबरतील. तिकडेच करा, आता तिकडे सोय आहे म्हणता. राख नदीत सोडा, नदी समुद्राला जाते. मी म्हणालो की माझ्याही बाबतीत तसेच कर. ती म्हणाली, तुमचे मी बघीन. मग आम्ही गाडीत बसलो आणि मेहकरपर्यंत लग्नातल्या जेवणावर बोललो. विमा मात्र मी त्या कलमासकट घेतला आहे. हप्त्यात फरक पडत नव्हता.

कोल्हापूरच्या त्या सहकाऱ्यांना, आता ते पंच्याऐंशीचे आहेत, मी फोन करून सगळे कळवले. त्यांनी त्यांच्या नातवाच्या हाती एक लहानशी बाटली पाठवली आहे. प्रयाग चिखलीच्या संगमावरचे पाणी. हातातल्या सामानात चालणार नाही, म्हणून ती मोठ्या पेटीत कपड्यांच्या मधोमध ठेवायची असे ठरले आहे. तोवर ती देवघराशेजारच्या फडताळात पासपोर्टांच्या फायलीजवळ उभी आहे. सौ.ने तिच्यावर चिकटपट्टी लावून राजाराम महाराज असे नाव लिहिले आहे, नाहीतर कामाला येणाऱ्या बाई ते पाणी तुळशीला घालतील.